बिब्बा बाहेर काढा

बर्फावर कोणी आपटलं की बाकीचे सगळे त्या माणसाकडे धावायचे. बुरोंडकरचाचा आधी बर्फ बघायचे. मी पहिल्यांदा पडलो त्या शुक्रवारी सकाळी मला हे ठाऊक नव्हतं. गुडघा धरून मी बसलो होतो आणि हिरवे गमबूट, जाड स्वेटर आणि कानटोपी घातलेला एक साठीकडे झुकलेला माणूस बर्फावरून सावकाश माझ्याकडे चालत येत होता. मला वाटलं, प्रथमोपचार आले. त्याने मला खांद्याला धरून जरा बाजूला सरकवलं, मी आपटलो तिथल्या खळग्यात बोट घालून पाहिलं आणि म्हणाला, "अरारारा! केवढा खड्डा केलास रे मेल्या!"

रियाधमध्ये, त्या गारठ्यात, कळ मस्तकात गेलेली असताना कानावर असं मराठी पडलं की माणूस दुखणं विसरतो.

"तुम्ही मराठी?" मी विचारलं.

"मी बुरोंडकर. रत्नागिरी. आणि तुमी जे कोण असाल ते, उठा आता. हाड आपलं आपण जुळतं. बर्फ मला जुळवायला लागतो."

अल मलाझमधल्या एका जुन्या मॉलच्या तळमजल्यावर ती रिंक होती. बाहेर पंचेचाळीस अंश आणि आत लोक स्वेटर घालून घसरतायत, याचं पहिला महिनाभर नवल वाटतं, नंतर काही वाटेनासं होतं. शुक्रवारी मॉल दुपारच्या नमाजानंतर उघडायचा. त्याआधी सकाळी सहा ते नऊ तिथे आमची टीम आइस हॉकी खेळायची. टीम हा शब्द मी सवयीने वापरतोय. आमचा कप्तान फैसल, माझ्याच ऑफिसातला इंजिनियर. कॅनडात शिकायला गेला आणि डिग्रीबरोबर हा नाद घेऊन आला. रेने हा खरोखरचा कॅनडाचा, इथे शाळेत फ्रेंच शिकवणारा. गोलकीपर थॉमस केरळचा, दातांचा डॉक्टर. दिवसभर लोकांचे दात वाचवायचे आणि शुक्रवारी आमच्या कृपेने स्वतःचे, असा त्याचा आठवडा जायचा. बाकी अधूनमधून येणारे पाचसहा जण. आणि मी शिंदे, बांधकाम कंपनीत ड्रॉइंगं तपासणारा. पुण्यात शाळेत असताना चाकांच्या स्केटवर चार बक्षिसं मिळवली होती, हे मी एकदा ऑफिसच्या डब्यावर बोलून गेलो, फैसलने ते ऐकलं, आणि तिथून मी या बर्फावर येऊन पडलो. मला बचावाला ठेवलं होतं, कारण मागे राहायला कोणी तयार नव्हतं आणि पुढे जाणं मला जमत नव्हतं.

चाचा रिंकचे मेकॅनिक होते. बर्फ करणं, राखणं, रोज घोटून नवा करणं, सगळं त्यांच्या एकट्याच्या अंगावर. तरुणपणी ते रत्नागिरीच्या बंदरावर बर्फाच्या कारखान्यात होते, मग हफ्र अल बातिनला एसी दुरुस्त करत राहिले, आणि तिथून चौदा वर्षांपूर्वी इथे आले. "तिकडे मासे गार ठेवायचो, इकडे माणसं ठेवतो," ते म्हणायचे. "मासे गप पडून असायचे, एवढाच काय तो फरक."

माझ्याशी ते मराठी बोलत, टीमशी हिंदी, मॉलच्या मुदीरशी, म्हणजे मॅनेजरशी, अरबी, आणि मशीन बिघडलं की मशीनशी इंग्रजी. इंग्रजीत त्यांना दोनच शब्द येत, आणि ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. माणसांची नावं त्यांनी आपल्या सोयीने बसवून घेतली होती. रेनेला ते पहिल्या दिवसापासून 'राणे' म्हणायचे. "मालवण साईडला राणे लय," असं त्यांनी मला गंभीरपणे सांगितलं, जणू रेनेचं घराणं तिथून निघून चुकून कॅनडात पोचलं असावं. रेनेने एकदा-दोनदा दुरुस्ती केली, मग तो 'राणे' अशी हाक आली की वळून बघायला लागला. तोही त्यांना 'चा-चा' म्हणायचा, एखाद्या नाचाचं नाव घेतल्यासारखं. फिट्टंफाट.

हॉकीची ती काळी, कडक रबराची चकती. तिला चाचा 'बिब्बा' म्हणायचे. हा शब्द इतका चपखल होता की हळूहळू सगळ्या टीमने उचलला. सौदी कप्तान, मल्याळी गोलकीपर आणि क्यूबेकचा मास्तर बर्फावरून "बिब्बा! बिब्बा!" असं ओरडत धावतायत, हे ज्याने पाहिलं नाही त्याला ते सांगून कळणार नाही.

त्यांचा मुक्काम कंप्रेसरच्या खोलीत असे. मॉलमधली ती सगळ्यात गरम आणि सगळ्यात गोंगाटाची जागा. त्या गोंगाटाने त्यांचा डावा कान जवळजवळ गेला होता, त्यामुळे नावडती गोष्ट ते डाव्या कानाने ऐकत. सकाळी आल्या आल्या ते बर्फाखाली जाणाऱ्या जाड पाइपवर हात ठेवायचे आणि वैद्य नाडी बघतो तसे डोळे मिटून उभे राहायचे. भिंतीवर तापमान दाखवणारा चांगला डिजिटल मीटर होता. तो आम्हाला वाचायला. स्टुलाखाली एक बरणी होती, तिच्यात बर्फात सापडलेल्या वस्तू: केसांच्या पिना, एक डूल, बटणं, आणि अर्धा दात. तो दात त्यांनी एकदा थॉमसला दाखवला आणि विचारलं, "डॉक्टर, बघा, तुमच्या गिऱ्हाइकापैकी कोणाचा वाटतो काय?"

बर्फ गरम पाण्याने करायचा असतो, हे मला त्यांनीच सांगितलं. बर्फगाडीवर बसून ते रिंकवर फेऱ्या घालायचे. गाडी वरचा खरबरीत थर खरवडून घेई आणि मागून गरम पाणी सोडत जाई. "थंड पाणी वरच्या वर बसतं," ते म्हणाले. "गरम पाणी आधी खालच्याला वितळवतं, मग दोघं एकत्र गोठतात. नातेवाइकासारखा चिकटतो मग."

स्केटवर मात्र ते आयुष्यात उभे राहिले नव्हते.

आता आमच्या खेळाबद्दल. आइस हॉकीत रिंकला दोन निळ्या रेषा असतात. आपल्या गोलपासून आपल्या निळ्या रेषेपर्यंतचा भाग म्हणजे आपलं अंगण समजा. समोरचे लोक त्या अंगणात बिब्बा घेऊन शिरले की तो त्यांच्याकडून काढून घ्यायचा आणि रेषेबाहेर न्यायचा. एकदा तो बाहेर गेला की समोरच्या सगळ्यांनाही आधी बाहेर यावं लागतं, मगच पुन्हा आत. म्हणजे तेवढा श्वास मिळतो. ज्यांना हे जमतं ते हॉकी खेळतात. आम्हाला जमत नव्हतं. बिब्बा आमच्या कोपऱ्यात गेला की आम्ही पाचही जण प्रामाणिकपणे त्या कोपऱ्यात जायचो, तिथे काठ्यांचा खडखडाट व्हायचा, आणि त्यातून बिब्बा कसातरी निसटून थेट आमच्याच गोलसमोर उभ्या असलेल्या शत्रूच्या काठीला लागायचा. दम्मामची टीम आली होती तेव्हा आम्ही अकरा-शून्य हरलो. थॉमसने मास्क काढला आणि आधी जिभेने आपले दात मोजले.

चाचा हे सगळं रिंकभोवतीच्या काचेमागे उभे राहून दोन वर्षं बघत होते. मग दम्मामच्या त्या मॅचनंतरच्या शुक्रवारी खेळ संपला तरी त्यांनी बर्फगाडी काढली नाही. आम्हाला थांबायला सांगितलं, हॉलचे दिवे घालवले आणि हातातली मोठी टॉर्च बर्फाला जवळजवळ टेकवून आडवी धरली.

आडव्या उजेडात प्रत्येक ओरखड्याची सावली पडली. आमच्या गोलच्या डाव्या हाताचा कोपरा नांगरलेल्या शेतासारखा दिसत होता.

"ये क्या है?" चाचांनी विचारलं.

"स्केटचे ओरखडे," फैसल म्हणाला. त्याला हिंदी चांगलं समजायचं.

"किसके?"

"सबके."

"वही बोलता मैं. सबके!" मग माझ्याकडे वळून मराठीत, "एका कोपऱ्यात पाच जण काय करत होतात? मयत होती काय तिथे?"

तिथून ते गमबूट घासत उजव्या बाजूच्या कठड्याशी गेले. टॉर्च धरली. तिथला बर्फ आरशासारखा. तीन तास खेळून त्यावर एक रेघ नव्हती. "इथे बगा. इथे तोंड बघून दाढी करा. दोन वर्षांत या जागेवर कोणी आलेलंच नाय. मी रोज इथे गाडी फिरवतो ती उगाच."

मग आमची वरात कंप्रेसरच्या खोलीत गेली. चाचांनी जमिनीवर खडूने अर्धी रिंक काढली. पाच नट म्हणजे आम्ही, पाच वायसर म्हणजे दम्माम, आणि बिब्बा म्हणून मिरीचा एक दाणा. दाणा त्यांनी कोपऱ्यात ठेवला.

"एकाने जायचं. एकानेच. दुसरा गोलच्या तोंडाशी उभा राहील, कोण आला तर आडवा व्हायला. एक इथे कठड्याला चिकटून, एक पलीकडच्या कठड्याला. आणि मधला खाली येईल, हाकेच्या अंतरावर. जो बिब्बा आणायला गेला त्याने हात लावायच्या आधी मान वळवून बघायचं. कोण येतोय मागून, कुठून येतोय. हातात आल्यावर बघून काय उपयोग? एका बाजूने येत असतील तर गोलच्या मागून पलीकडे फिरवायचा. आणि सगळेच कोपऱ्यात गेले तर तो देणार कोणाला? भिंतीला?"

मी भाषांतर करत होतो. रेने माझ्या कानाशी लागून म्हणाला, "मी आठ वर्षांचा असताना माझ्या कोचने मला अक्षरशः हेच सांगितलं होतं."

"मग तू दोन वर्षं गप्प का होतास?"

"गप्प नव्हतो. दर शुक्रवारी सांगत होतो. पण माझ्याकडे टॉर्च नव्हती."

त्या दिवसापासून चाचा आमचे कोच झाले. नेमलं कोणी नाही. काचेमागे त्यांची कानटोपी दिसायची आणि काचेवरून आवाज यायचा: "राणे, मान! मान वळव! शिंदे, तिकडे कशाला मराला जाताव? राणे गेलाय ना!" कोणी गोल केला तर ते पाठ फिरवून चहा ओतून घेत. पण बिब्बा आमच्या अंगणातून दोन पासात स्वच्छ बाहेर पडला की काचेवर थाप पडायची. आमच्यातले काही जण त्या थापेसाठी खेळायला लागले होते. मी त्यातला एक, हे कबूल करायला हरकत नाही.

त्यांना दोन गोष्टी चालत नसत. पहिली, आपल्याच गोलसमोरून आडवा पास. तसा पास देणाऱ्याने खेळ संपल्यावर रुंद फावडं घेऊन रिंकच्या कडेकडेचा बर्फाचा भुसा काढायचा, अशी शिक्षा होती. मी ओळीने पाच शुक्रवार फावडं मारलं. सहाव्या शुक्रवारी मी तो पास दिला नाही, तर चाचा नाराज झाले. "आज कडेचं काम मलाच करायला लागणार," म्हणाले.

दुसरी न चालणारी गोष्ट म्हणजे फेकाफेकी. घाबरून बिब्बा काचेवर मारायचा आणि कुठेतरी बाहेर घालवायचा. "आपल्या हातातला जिन्नस असा टाकतात काय? बघून द्या कोणाला तरी." यावर रेनेचा आणि त्यांचा एकदा चांगलाच खटका उडाला. दोघं अंगावर आले तर काचेवर मारावाच लागतो, असं रेनेचं म्हणणं. शब्द वाढले, आणि रेने तावातावाने मला म्हणाला, "विचार त्यांना, ते कधी स्केटवर तरी उभे राहिलेत का?"

हे भाषांतर करायला मी कचरत होतो. पण चाचांना टोन कळला.

"काय बोल्ला?"

मी सांगितलं.

चाचा हसले. "त्याला सांगा, पोहणारा बुडतो तेव्हा त्याला पाणी दिसत नाय. काठावरच्याला दिसतं." मग थोडं थांबून, "आणि सांगा, राणेचं पण खोटं नाय. पण शिंद्यासारख्यांना आधीच सूट दिली तर ते दुसरं काय करणारच नाय." हे दुसरं वाक्य मी रेनेला सांगितलं नाही.

वर्षभर असं चाललं. आम्ही अजून हरतच होतो, पण चार-दोन, पाच-तीन असे. आणि मग मॉलच्या मुदीरने रिंक बंद करायचं मनावर घेतलं. वीज खाते, लोक येत नाहीत, तिथे मुलांना उड्या मारायला गाद्या टाकल्या तर बरं, असं त्याचं मत. फैसलने त्याला गळ घातली: दम्मामची टीम पुन्हा येणार आहे, घरच्यांना घेऊन येणार आहे, एकदा येऊन बघा आणि मग ठरवा. मुदीर "इन्शाल्ला" म्हणाला. इथे राहिलेल्या माणसाला त्या शब्दाचे सतरा अर्थ कळतात. पण या खेपेला तो खरंच येणार होता.

मॅचच्या दिवशी पहाटेपासून धुळीचं वादळ. आकाश विटेच्या रंगाचं. मी सहाला पोचलो तेव्हा फैसल कठड्याला टेकून उभा होता आणि बर्फावर ठिकठिकाणी पाणी चमकत होतं.

"चाचा कुठे आहेत?"

त्याने वर बोट दाखवलं.

मशीनची उष्णता बाहेर टाकणारं कंडेन्सर छतावर होतं. त्याच्या जाळीत धूळ बसली की मशीन तापतं आणि खाली बर्फाला घाम फुटतो. मी लोखंडी जिना चढून वर गेलो. चाचा तोंडाला गमछा बांधून, हातात पाण्याचा पाइप घेऊन त्या जाळीवर पाणी मारत होते. धुतलेल्या भागावर त्यांच्या डोळ्यांदेखत पुन्हा धूळ बसत होती.

"मॅच रद्द करू या का?" मी ओरडलो.

"काय?"

मी उजव्या कानाशी जाऊन पुन्हा ओरडलो.

"दम्मामवाले चारशे किलोमीटर आले बायकापोरं घेऊन. मुदीर येतोय. आज रद्द केली तर उद्या गाद्या टाकेल." पाइप जाळीवरून न हलवता ते बोलत होते. "मी इथून हललो नाय तर बर्फ टिकेल. पाणी ऱ्हाईल वर, पण टिकेल. आता नीट ऐका. आज पास नको."

"म्हणजे?"

"बर्फावर पाणी हाय. बिब्बा घसरणार नाय, जागच्या जागी बसेल. आज काय सुंदर खेळायचं नाय. मागे जायचं, उचलायचा, काचेवर मारायचा, रेषेबाहेर. लय जोरात नाय, नायतर पार टोकाला जाईल आणि शिट्टी मारून परत आणतील. उचलून बाहेर, बस. राणेला सांगा, त्याचं बरोबर होतं."

मी खाली येऊन सांगितलं. रेनेने हेल्मेट छातीशी धरलं आणि म्हणाला, "हे मला लेखी मिळेल का?"

त्या सकाळी आम्ही जे खेळलो त्याला बघणाऱ्याने हॉकी म्हटलं असतं की नाही, शंका आहे. पाणी उडत होतं. पडलं की माणूस भिजून उठत होता. दम्मामचे लोक आमच्यापेक्षा कितीतरी सरस, त्यांना एकमेकांना सुरेख पास द्यायची सवय, आणि त्यांचे पास अर्ध्या वाटेत डबक्यात बसत होते. बिब्बा आमच्या अंगणात आला की एकच जण मागे जाई. मान वळवी. उचली. काचेवर धप्प. रेषेबाहेर. ते पुन्हा आत येत, आम्ही पुन्हा बाहेर काढत असू. दुसऱ्या सत्रात रेनेने मारलेला असाच एक बिब्बा काचेवर आपटून रेषेबाहेर पडला, फैसलला सापडला, आणि समोर फक्त गोलकीपर. एक-शून्य. दम्मामच्या बायकापोरांसकट सगळ्या बाकांवरून आवाज उठला. मुदीर पहिल्या रांगेत बसला होता. टाळ्या वाजवाव्यात की नाही हे न कळून त्याने मोबाइल काढून फोटो घेतला.

नंतर त्यांनी एक फेडला. एक-एक. आणि शेवटची दोन मिनिटं उरली असताना जिन्यावरचं दार उघडलं.

चाचा आत आले. पापण्यांपासून गमबुटांपर्यंत मातीच्या रंगाचे, अंगातला शर्ट ओला, त्या ओल्यावर पुन्हा धूळ. वादळ ओसरलं होतं. ते येऊन काचेशी उभे राहिले, मॅच सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच.

त्याच क्षणी बिब्बा आमच्या कोपऱ्यात आला आणि आणायला मी गेलो. मी मान वळवली, हे मी शपथेवर सांगतो. एक जण उजवीकडून येताना दिसला. उचलायचं, काचेवर मारायचं, बाहेर. सकाळपासून मी ते सातआठ वेळा केलं होतं. पण काचेपलीकडे चाचा उभे आहेत हे दिसलं, आणि मला वाटलं, आता यांना एक तरी देखणा पास दाखवू या. पलीकडे रेने मोकळा होता. मी त्याला पास दिला. गोलसमोरून. आडवा.

बिब्बा तीन हात गेला आणि थॉमसच्या पुढ्यात, बरोबर मध्यावर, डबक्यात बसला. दम्मामच्या माणसाला त्याचं नशीब खरं वाटेना. त्याने आधी इकडेतिकडे बघितलं, मग मारला.

दोन-एक. हरलो.

शिट्टी झाल्यावर मी काचेकडे बघायचं टाळत होतो. पण बाहेर यायचं दार तिथेच. चाचा दारात फावडं घेऊन उभे होते. त्यांनी ते माझ्या हातात दिलं.

कडा साफ करून मी कंप्रेसरच्या खोलीत गेलो तेव्हा सगळी टीम तिथे, ओल्या कपड्यांनी, जमिनीवर बसलेली. चाचांनी तोंड धुतलं होतं; कान अजून मातीचे होते. खडूने रिंक काढली होती आणि नट मांडले होते.

"मी काय बघितलंच नाय," ते म्हणाले, आणि आवाजात पहिल्यांदाच काहीतरी हललेलं मला ऐकू आलं. "एवढं वर्षभर घसा फोडला. आणि बघितलं काय, तर शिंद्याचा आडवा पास."

त्यांनी मिरीचा दाणा रेनेपुढे सरकवला.

"दाखवा," चाचा म्हणाले. "पहिल्यापासून."

मग आम्ही दाखवलं. कोण मागे गेला, कोण कठड्याला होता, कोणत्या बाजूने कोण आला. प्रत्येक वेळी रेने मिरीचा दाणा टिचकीने उडवायचा आणि तो खडूच्या रेषेबाहेर जाऊन पडायचा. चाचा मान हलवायचे. "मग? मग पुढे?" दोघांना एकच प्रसंग वेगळा आठवला की भांडण व्हायचं आणि चाचा निवाडा द्यायचे, न बघितलेल्या खेळाचा. जुमाची अजान होईपर्यंत आम्ही ती मॅच त्यांना खेळून दाखवली. रेनेच्या त्या लांब फटक्यापाशी आलो तेव्हा त्यांनी दाणा स्वतः उचलला, तळहातावर ठेवून बघितला आणि म्हणाले, "राणे, मी असतो ना, काच फोडली असती."

मुदीर त्या दिवशी खूश होऊन गेला. कोण जिंकलं हे त्याला कळलं नव्हतं. भरलेली बाकं कळली होती. रिंक राहिली. इतकंच नाही, तर वर्षाच्या आत नवं मशीन येईल असं ठरलं. बंद पडायच्या आधी स्वतःच कळवणारं, देखभालीसकट, एका कंपनीच्या ताब्यात. तो ठराव झाला आणि त्यातच चाचांची नोकरी संपली. पाइपवर हात ठेवायला आता माणसाची गरज नव्हती. वयही झालं होतं. इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, पुढे वाढणार नव्हता.

आम्ही चिडलो. फैसल मुदीरशी भांडून आला. चाचा मात्र नव्या मशीनचं कागदपत्र मला वाचायला लावत होते. "काय लिवलंय? आपोआप धुतं? जाळी आपोआप धुतं?" मी हो म्हणालो. त्यांनी त्या ओळीवर एकदा बोट फिरवलं. "चांगलं हाय," म्हणाले. "मशीन चांगलं हाय. आमी वाईट बोलायचं नाय." आणि नव्या कंपनीचा माणूस आला तेव्हा त्याला चार दिवस बरोबर फिरवून सगळं दाखवलं, कुठे बर्फ उशिरा धरतो, कुठे लवकर सुटतो. तो माणूस टॅबलेटवर लिहून घेत होता. चाचा डाव्या कानाने त्याचे प्रश्न ऐकत होते.

शेवटच्या महिन्यात त्यांची बायको व्हिसावर आली. हलीमाबी. दोघं मक्केला जाऊन उमरा करून आले, आणि जाण्याच्या आधीच्या शुक्रवारी सकाळी चाचा त्यांना रिंकवर घेऊन आले. बुटक्याशा, चष्मा लावलेल्या, अंगावर जाड शाल, आणि नजर सगळीकडे. मी पुढे होऊन सलाम केला.

"तुमी शिंदे काय?" त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तुमचं नाव ऐकलंय मी फोनवर. आडवे पास देता ते तुमीच ना?"

मी मान खाली घातली.

त्यांना चाचांनी काचेशी बसवलं. टीम बर्फावर उतरली, पाचसात जण नेहमीप्रमाणे पडले. हलीमाबी लक्ष देऊन बघत होत्या. थोड्या वेळाने मला म्हणाल्या, "हा पोरांचा खेळ झाला. पण मग ह्यांचं काम कुठे हाय? ह्यांनी सांगितलेलं, मी बर्फावर कामाला हाय. मी समजत होते, मासळीचा कारखाना."

"हेच ते काम," मी म्हणालो. "हा सगळा बर्फ चाचा करतात."

त्यांनी रिंककडे बघितलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग चाचांकडे. चाचा गडबडीने गमबुटाच्या आत पँट खोचत होते, जणू काम आत्ताच आठवलंय.

"हा एवढा? तुमी एकट्यानं?"

"रोज थोडा थोडा," चाचा म्हणाले.

त्यांनी हलीमाबींचं कोपर धरलं आणि दारातून दोन पावलं आत नेलं. त्या वाकल्या, बर्फावर तळहात टेकवला आणि तसाच ठेवला, आम्ही हात काढाल की नाही म्हणेपर्यंत. उठल्या तेव्हा त्यांचा चष्मा धुरकटला होता. तो पुसायच्या भानगडीत त्या पडल्या नाहीत.

"चौदा वर्षं," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं फोनवर कामाचं काय सांगायला नसतं म्हणून तुमी सांगत नाय. दाखवा मला. सगळं दाखवा. मशीन कुठे हाय ते, पाणी कुठून येतं ते, तुमी बसता कुठे ते."

"वर जिना चढायला लागेल," चाचा म्हणाले. "बाहेर ऊन हाय. तुझे गुडघे..."

"गुडघ्याचं मी बघते. तुमी पुढे चला."

फैसलने शिट्टी वाजवली आणि खेळ सुरू झाला. मी मागे, माझ्या जागेवर गेलो. बिब्बा पलीकडच्या टोकाला होता म्हणून मला वळून बघायला वेळ मिळाला. काचेपलीकडे, छताकडे जाणाऱ्या लोखंडी जिन्यावर ते दोघं चढत होते. चाचा दोन पायऱ्या पुढे जाऊन थांबत, हाताने हवेत काहीतरी मोठं आखून दाखवत, आणि हलीमाबी एका हाताने कठडा आणि दुसऱ्याने शाल सावरत त्यांच्याकडे मान वर करून बघत होत्या. वरचं दार उघडलं, पांढरं ऊन आत आलं, आणि चाचा अजून बोलतच होते.